वीट ढकलली की विरोध कोण करते? जडत्वाच्या उगमाचा गुरुत्वीय हिशेब

प्रश्न असा आहे: वस्तू ढकलली की ती वेग बदलायला विरोध करते. या विरोधाला आपण जडत्व म्हणतो. हा विरोध वस्तूच्या अंगचाच आहे, की विश्वातल्या बाकी सगळ्या वस्तुमानाच्या गुरुत्वाकर्षणातून तो येतो? आणि तिथून येत असेल, तर आकडे जुळतात का?

यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत, आणि या विषयावरचे निम्मे वाद त्यामुळेच होतात. पहिला प्रश्न चौकटीचा: 'फिरत नाही' किंवा 'त्वरण नाही' असे म्हणायचे ते कशाच्या तुलनेत? दुसरा प्रश्न मापाचा: विरोध मुळात होतो का, आणि होतो तो इतकाच का? पहिल्याला गुरुत्वाकर्षणाकडे चांगले उत्तर आहे, विशेषतः फिरण्याच्या बाबतीत. दुसऱ्याला एक सुंदर मॉडेल आहे, आकडे थक्क व्हावे इतके जवळ येतात, पण ते उत्तर पुरे झालेले नाही. खाली दोन्ही हिशेब करून दाखवतो.

न्यूटनच्या बादलीला (१६८७) वळसा घालून पुढे जाता येत नाही. दोरीला टांगलेल्या बादलीला पीळ देऊन सोडायचे. आधी बादली आणि पाणी दोन्ही स्थिर. पाण्याचा पृष्ठभाग सपाट. मग बादली फिरू लागते, पाणी अजून नाही. दोघांत सापेक्ष गती भरपूर, पण पृष्ठभाग सपाटच. थोड्या वेळाने पाणीही बादलीच्या वेगाने फिरू लागते. आता सापेक्ष गती शून्य, पण पाणी कडेला चढलेले आणि मध्ये खळगा. शेवटी बादली हाताने थांबवली तरी पाणी फिरत राहते, खळगा तसाच. म्हणजे खळग्याचा बादलीच्या भिंतीशी काही संबंध दिसत नाही. बादलीची त्रिज्या १० सेंमी असेल आणि पाणी सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर कडेचे पाणी मध्यापेक्षा २ सेंमी वर चढते. हे २ सेंमी कुणाच्या तुलनेत फिरल्यामुळे? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट माखने १८८३ मध्ये यावर नेमके बोट ठेवले: प्रयोगातून एवढेच कळते की पातळ भिंतीच्या तुलनेत फिरल्याने जाणवेल असे बल निर्माण होत नाही. भिंत मैलोगणती जाड असती तर काय झाले असते, हे आजवर कुणी पाहिले आहे?

माखला हा हिशेब करता आला नव्हता. आपल्याला येतो. हान्स थिरिंगने १९१८ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून दाखवले, की वस्तुमानाचे पोकळ गोल कवच फिरत असेल तर त्याच्या आतली जडत्वीय चौकट (जिच्या तुलनेत 'फिरत नाही' म्हणायचे ती) त्याच्या दिशेने किंचित ओढली जाते. ओढीचे प्रमाण असे: गुरुत्व स्थिरांक गुणिले कवचाचे वस्तुमान, भागिले (त्रिज्या गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग), आणि या सगळ्याला ४/३ ने गुणायचे. ४/३ बाजूला ठेवून उरलेल्या भागाला मी पुढे 'गुरुत्वीय वाटा' म्हणेन. त्याला एकक नाही, तो निव्वळ एक आकडा आहे, आणि या उत्तरातला जवळजवळ प्रत्येक हिशेब त्याच्यावर चालतो.

एक किलोची, १० सेंमी त्रिज्येची बादली घेतली (गोल कवच समजून, बादलीच्या आकाराने फार फरक पडत नाही), तर ओढ येते एकावर २६ शून्ये दिल्यावर होतील तितक्या भागांत १ भाग. विश्वाच्या आजवरच्या वयाएवढा काळ, म्हणजे १३८० कोटी वर्षे, ही बादली सेकंदाला एक फेरा या वेगाने फिरवत ठेवली, तरी आतली चौकट एका फेऱ्याच्या सुमारे २३ कोटीव्या भागाइतकी वळेल. न्यूटनला काही दिसले नाही यात नवल नाही. आता माखची जाड भिंत घेऊ: २० किलोमीटर त्रिज्येचा लोखंडी गोळा, मध्ये बादलीपुरती पोकळी. थरांची बेरीज केली की ओढ येते ५० लाख कोटी भागांत १. गोळा सेकंदाला एक फेरा घेत असेल, तर आतली चौकट एक फेरा पुरा करायला सुमारे १६ लाख वर्षे घेईल. (गोळ्याची कड तेव्हा सेकंदाला १२५ किलोमीटर वेगाने धावत असेल, आणि तो ताण सोसणारे लोखंड अस्तित्वात नाही; पण मुद्दा तो नाही.) मुद्दा हा, की माखचा अंदाज गुणात्मक दृष्ट्या बरोबर निघाला. भिंत जाड केली की ओढ वाढते, आणि ती वस्तुमान भागिले त्रिज्या या प्रमाणात वाढते. मग भिंत म्हणून सगळे विश्वच घेतले तर?

इथे १९५३ चे डेनिस शामाचे मॉडेल येते. त्याचा गाभा विजेवरून सहज कळतो. स्थिर विद्युतप्रभाराचे बल अंतराच्या वर्गाने घटते. पण प्रभाराला त्वरण दिले की त्या त्वरणामुळे निर्माण होणारे जादा बल फक्त अंतराने घटते. रेडिओ लहरी लांबवर पोचतात त्या यामुळेच. शामाने विचारले, गुरुत्वाकर्षणातही असा त्वरणावर अवलंबून असलेला भाग असेल तर? आता स्वतःला विटेवर बसवा. वीट पुढे त्वरण घेते आहे, म्हणजे विटेवरून पाहिले तर सगळे विश्व मागच्या दिशेने त्वरण घेते आहे. त्वरण घेणारे प्रत्येक वस्तुमान विटेला आपल्याबरोबर ओढते, म्हणजे मागे. ही मागची ओढ म्हणजेच विरोध. प्रत्येक वस्तुमानाकडून येणारे बल = विटेचे वस्तुमान × त्वरण × त्या वस्तुमानाचा गुरुत्वीय वाटा. सगळ्या वाट्यांची बेरीज १ आली, तर एकूण विरोध बरोबर वस्तुमान × त्वरण इतका होतो. न्यूटनचा दुसरा नियम गृहीत न धरता हाती येतो.

आकडे घालून पाहू. २ किलोची वीट, त्वरण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग. ढकलायला ६ न्यूटन बल लागते. पायाखालच्या पृथ्वीचा गुरुत्वीय वाटा सुमारे १४४ कोटींत १ आहे; म्हणजे या ६ न्यूटनपैकी पृथ्वीचा हिस्सा जेमतेम ४ नॅनोन्यूटन. सूर्य १५ कोटी किलोमीटरवर असूनही त्याचा वाटा १० कोटींत १, म्हणजे पृथ्वीच्या चौदापट. आपल्या आकाशगंगेचा वाटा १० लाखांत सुमारे १, ६ मायक्रोन्यूटनच्या आसपास. वजनाच्या बाबतीत पृथ्वीच सर्वेसर्वा, सूर्य नगण्य आणि आकाशगंगा तर हिशेबातच नाही. जडत्वाच्या बाबतीत क्रम नेमका उलटा. कारण वर आलेले आहेच: वजनाचे बल अंतराच्या वर्गाने घटते, हे बल नुसत्या अंतराने.

याचा परिणाम विश्वाच्या पातळीवर फार नाट्यपूर्ण होतो. एकसारख्या घनतेच्या विश्वाचे कांद्यासारखे पापुद्रे करा. प्रत्येक पापुद्र्यातले वस्तुमान अंतराच्या वर्गाने वाढते, त्याचा परिणाम अंतराने घटतो. म्हणून दूरचा पापुद्रा जवळच्यापेक्षा जास्त ओढतो. बेरीज केली की एकूण वाटा त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात येतो. म्हणजे दृश्य विश्वाच्या त्रिज्येच्या आतल्या एक दशांश भागातले सगळे काही, आकाशगंगा, शेजारचे दीर्घिकासमूह, सगळे धरून, विटेच्या जडत्वात फक्त १ टक्का भर घालते. ९९ टक्के त्याच्या पलीकडून. जडत्व जागोजागी बदलताना का दिसत नाही, याचेही उत्तर इथेच मिळते: इतक्या दूरच्या आणि इतक्या एकसारख्या पसरलेल्या वस्तुमानाकडून ते येत असेल, तर इथे काय आणि दोन दीर्घिका पलीकडे काय, सारखेच असणार.

आणखी एक गोष्ट फुकटात मिळते. वस्तूचे जडत्वीय वस्तुमान आणि गुरुत्वीय वस्तुमान सारखे का, हे न्यूटनच्या चौकटीत निव्वळ योगायोग आहे. शामाच्या मॉडेलमध्ये जडत्व हे स्वतःच गुरुत्वीय बल आहे, त्यामुळे दोन वेगळी वस्तुमाने उरतच नाहीत. 'मायक्रोस्कोप' या उपग्रहाने टायटॅनियम आणि प्लॅटिनमचे ठोकळे कक्षेत पडू देऊन ही समानता तपासली. २०२२ च्या अंतिम निकालात एकावर १५ शून्ये इतक्या भागांत १ या पातळीपर्यंत फरक आढळला नाही. अर्थात सामान्य सापेक्षतेतही, म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्व सिद्धांतातही, हे समतुल्यता तत्त्वातून (गुरुत्वाकर्षणात सगळ्या वस्तू सारख्याच पडतात या गृहीतकातून) येतेच, त्यामुळे हा शामाच्या बाजूचा स्वतंत्र पुरावा म्हणून वापरू नये.

आता बेरीज खरोखर १ येते का? इथे फार जण घसरतात, म्हणून पायऱ्या दाखवतो. एकसारख्या घनतेच्या गोलासाठी एकूण वाटा = २ × पाय (π) × गुरुत्व स्थिरांक × घनता × त्रिज्येचा वर्ग ÷ प्रकाशवेगाचा वर्ग. घनता म्हणून विश्वाची क्रांतिक घनता घ्या, म्हणजे विश्व भूमितीने सपाट असायला लागते तेवढी. हबल स्थिरांक (विश्वाच्या प्रसरणाचा दर) ७० धरला तर ती घनमीटरमागे साडेपाच प्रोटॉन इतकी विरळ आहे. त्रिज्या म्हणून हबल त्रिज्या (प्रकाशवेग भागिले हबल स्थिरांक) घ्या, सुमारे १४०० कोटी प्रकाशवर्षे. उत्तर येते ०.७५. पाऊण! गुरुत्व स्थिरांक प्रयोगशाळेतल्या शिशाच्या गोळ्यांवरून मोजलेला, प्रकाशवेग आरशांवरून, घनता आणि प्रसरण दुर्बिणींतून, आणि सगळ्यांचा गुणाकार एकाच्या शेजारी येऊन बसतो. पहिल्यांदा पाहिल्यावर कुणीही खुर्चीतून उठेल.

पण जरा थांबा. क्रांतिक घनतेची व्याख्याच हबल स्थिरांक आणि गुरुत्व स्थिरांक वापरून केलेली आहे. ती सूत्रात घातली की सगळे छेदले जाते आणि नेमके ३/४ उरते; ७० ऐवजी कुठलाही हबल स्थिरांक घेतला तरी. म्हणजे हे ०.७५ मोजमापातून आलेले नाही, बीजगणितातून आले आहे. मोजमापातून आलेली गोष्ट वेगळी आहे: आपले विश्व क्रांतिक घनतेच्या अगदी जवळ आहे, म्हणजे भूमितीने सपाट आहे. शामाची जुळवणी आणि विश्वाचा सपाटपणा ही एकाच नाण्याची दोन नावे आहेत. हा योगायोग विलक्षण आहेच, पण तो एकदाच मोजायचा. 'सपाटपणाही जुळला आणि जडत्वही जुळले' असे म्हणणे म्हणजे एकच पावती दोनदा वटवणे.

पुढची दुरुस्ती घनतेचीच. विश्वाच्या घनतेत साधारण ७० टक्के कृष्णऊर्जा (विश्वाचे प्रसरण वेगवान करणारी, अजून न उलगडलेली ऊर्जा) आहे. ती या हिशेबात घ्यायची का? नाही. निर्वात अवकाशाच्या ऊर्जेसारखी ती असेल, तर तिच्यातून कुठल्याही वेगाने गेले तरी ती तशीच दिसते. तिला स्वतःची 'स्थिर' चौकट नाही. ज्याच्या सापेक्ष हलताच येत नाही, ते ओढणार कसे? गणितात हे असे दिसते: ओढीचा उगम घनता अधिक दाब यात असतो, आणि कृष्णऊर्जेचा दाब ऋण आणि तेवढाच असल्याने बेरीज शून्य होते. म्हणजे उरले साधे आणि कृष्ण पदार्थ मिळून ३० टक्के, आणि बेरीज ०.७५ वरून ०.२२ वर घसरली. त्रिज्या हबलची घ्यायची की निरीक्षणयोग्य विश्वाची, ४६०० कोटी प्रकाशवर्षांची? दुसरी घेतली तर बेरीज अकरापट होऊन २.४ च्या आसपास जाते. शिवाय शामाचे मॉडेल विद्युतचुंबकीय साच्याचे होते. सामान्य सापेक्षतेत हलत्या वस्तुमानाच्या परिणामापुढे चारचा गुणक येतो. ०.२२ ला ४ ने गुणले की ०.९ येते म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. त्रिज्येची निवड हातात असताना कुणालाही हवा तो आकडा काढता येतो. माझ्या मते या हिशेबातून एकच गोष्ट पक्की घ्यावी: उत्तर एकाच्या पातळीवरचे आहे, एक कोटी किंवा एक कोट्यांश नाही. 'बरोबर १ आले' असा दावा दिसला की आधी त्रिज्या कोणती घेतली ते पाहा.

हमखास येणारी शंका: वीट मी आत्ता ढकलली, विरोध आत्ताच जाणवला, अब्जावधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांना हे कळले कधी? त्यांना कळण्याची गरज नसते. त्यांचे गुरुत्वीय क्षेत्र विटेच्या जागी आधीपासून पोचलेले, प्रस्थापित आहे. वीट त्या क्षेत्राशी तिथल्या तिथे व्यवहार करते. विजेत हेच घडते: चुंबकाच्या क्षेत्रात तार हलवली की विद्युतदाब लगेच निर्माण होतो, चुंबकाला निरोप जाऊन उत्तर यायची वाट पाहावी लागत नाही. शामाच्या बेरजेतही प्रत्येक दीर्घिका प्रकाश निघाला त्या वेळी जिथे होती तिथली धरलेली आहे. भविष्यातून मागे येणाऱ्या लहरींची गरज याला नाही. तशा लहरी वापरणारे सिद्धांत आहेत. फ्रेड हॉयल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ मध्ये मांडलेला सिद्धांत त्यांतला सर्वांत बारकाईने बांधलेला. त्यात कणाचे वस्तुमान हेच इतर सर्व कणांशी असलेल्या थेट संबंधांतून येते, म्हणजे वर ज्याला मापाचा प्रश्न म्हटले त्यालाच हात घातलेला आहे. स्टीफन हॉकिंगने १९६५ मध्ये दाखवले, की प्रसरणशील विश्वात भविष्याकडून येणारी बेरीज अनंत होते. तो आक्षेप त्या सिद्धांताला जिव्हारी लागला.

दुसरा आक्षेप प्रयोगातून आला, आणि तो जास्त खोल आहे. आकाशगंगेचे बहुतेक वस्तुमान आपल्या एका बाजूला, केंद्राच्या दिशेने आहे. तिचा वाटा १० लाखांत १ असेल, तर केंद्राच्या दिशेने त्वरण देताना आणि त्याला काटकोनात त्वरण देताना जडत्वात तेवढ्या पातळीचा फरक पडायला नको का? कोक्कोनी आणि सॉलपीटर यांनी १९५८ मध्ये हा प्रश्न काढला. व्हर्नन ह्यूज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० मध्ये आणि रोनाल्ड ड्रेव्हरने १९६१ मध्ये उत्तर मोजले. रीत साधी आणि अत्यंत चलाख: लिथियम-७ च्या अणुकेंद्राला चुंबकीय क्षेत्रात ठेवले की चार ऊर्जापातळ्या सारख्या अंतरावर पडतात, त्यामुळे त्यांच्यातली तीन संक्रमणे (एका पातळीवरून शेजारच्या पातळीवर उड्या) एकाच वारंवारतेवर, म्हणजे एकच रेषा म्हणून दिसतात. दिशेनुसार जडत्व बदलत असेल तर पातळ्यांची अंतरे असमान होतील, एका रेषेच्या तीन होतील, आणि पृथ्वी फिरेल तसतशा त्या सरकतील. रेषा एकच राहिली. मर्यादा निघाली सुमारे एकावर २० शून्ये इतक्या भागांत १ या पातळीची, म्हणजे अपेक्षेपेक्षा चौदा शून्यांनी कमी.

यावर रॉबर्ट डिकीचे उत्तर असे, की जडत्वातला दिशाभेद सगळ्याच गोष्टींना, कणांना, प्रकाशाला, अणूंना बांधणाऱ्या क्षेत्रांना सारखाच लागू असेल, तर तो मोजायची पट्टीही त्याच प्रमाणात बदलते आणि प्रयोगात काहीच दिसत नाही. हे पळवाटेसारखे वाटते, पण सामान्य सापेक्षता अगदी हेच सांगते: मोकळेपणी पडणाऱ्या छोट्या खोलीत भौतिकशास्त्र सगळीकडे सारखेच. मात्र त्याची किंमत मोजावी लागते. जवळच्या वस्तुमानाने जडत्वाचे माप वाढते हे विधान मग मोजता येण्यापलीकडे जाते. आइन्स्टाइनने १९२१ च्या व्याख्यानांत म्हटले होते, की आजूबाजूला वस्तुमान रचले तर वस्तूचे जडत्व वाढते. कार्ल ब्रान्सने १९६२ मध्ये दाखवले, की ती वाढ निर्देशांक-पद्धतीच्या निवडीतून येते, जागच्या जागी केलेल्या कुठल्याही मोजणीत ती सापडणार नाही. त्याआधीच १९६१ मध्ये ब्रान्स आणि डिकी यांनी मिळून गुरुत्व स्थिरांकच विश्वातल्या वस्तुमानावरून ठरेल असा पर्यायी सिद्धांत मांडला होता, एक जादा क्षेत्र घालून. २००३ मध्ये कॅसिनी यानाच्या रेडिओ संकेतांवरून केलेल्या मोजणीनंतर त्या सिद्धांताचा जोडणी-अंक ४०,००० च्या वर असावा लागतो. अंक जितका मोठा तितके ते क्षेत्र दुबळे, आणि इतक्या दुबळ्या क्षेत्राच्या खांद्यावर जडत्वाचा उगम टाकणे अवघड आहे.

सामान्य सापेक्षता स्वतः या बाबतीत पूर्णपणे माखची नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. विश्वातले सगळे वस्तुमान काढून टाकले तरी तिची समीकरणे सपाट, रिकामे अवकाश-काळ हे उत्तर मान्य करतात, आणि तिथल्या एकट्या कणाला पूर्ण जडत्व असते. १९१७ मध्ये आइन्स्टाइनने बंदिस्त विश्व मांडले त्यामागे हा काटा काढणे हाही हेतू होता; त्याच वर्षी डी सिटरने पदार्थाविनाचे आणखी एक उत्तर पुढे ठेवले. 'माखचे तत्त्व' हे नाव आइन्स्टाइनने १९१८ मध्ये दिले. १९४९ मध्ये गोडेलने असे विश्व दाखवले की ज्यातला सगळा पदार्थ स्थानिक जायरोस्कोपच्या (वेगाने फिरत असल्याने अक्षाची दिशा न सोडणाऱ्या गोळ्याच्या किंवा चकतीच्या) तुलनेत फिरतो आहे. १९५४ मध्ये फेलिक्स पिरानीला लिहिलेल्या पत्रात आइन्स्टाइन म्हणतो की माखच्या तत्त्वाबद्दल आता बोलूच नये. ज्याने बारसे केले त्यानेच नाव मागे घेतले.

तरीही फिरण्याचा प्रश्न या सगळ्यातून तावून सुलाखून बाहेर पडला आहे. ध्रुवावर फूकोच्या लंबकाचे (कुठल्याही दिशेने मोकळेपणी झुलणाऱ्या लांब लंबकाचे) झुलण्याचे प्रतल २३ तास ५६ मिनिटांत फेरा पुरा करते, २४ तासांत नाही. म्हणजे लंबकाला सूर्याशी देणेघेणे नाही, दूरच्या ताऱ्यांशी आहे. योगायोग म्हणून हे सोडता येत नाही. ब्रिल आणि कोहेन यांनी १९६६ मध्ये थिरिंगचे कवच जड करत नेले. कवचाची त्रिज्या त्याच्या श्वार्ट्झशिल्ड त्रिज्येजवळ (जिच्या आत दाबले तर त्याचे कृष्णविवर होईल ती) आली की आतली ओढ पूर्ण होते, आतली चौकट कवचाबरोबरच फिरते. आत बसलेल्याला बाहेरचे तारे फिरताना दिसतील आणि कवच स्थिर. थिरिंगच्या हिशेबात केंद्रोत्सारी बल मात्र नीट येत नव्हते, अक्षाच्या दिशेने एक नको असलेला तुकडा उरत होता. फिस्टर आणि ब्राउन यांनी १९८५ मध्ये तोही दुरुस्त केला. कवच तंतोतंत गोल न ठेवता किंचित बेडौल ठेवावे लागते. आणि विश्वाच्या पातळीवर क्रिस्टोफ श्मिडने २००९ मध्ये दाखवले, की प्रसरणशील विश्वात लहान विस्कळीतपणा धरला तर जायरोस्कोपचा अक्ष विश्वातल्या पदार्थाच्या फिरण्याच्या सरासरीबरोबर चालतो, अंशतः नव्हे, तंतोतंत. या सरासरीत कृष्णऊर्जेला स्थान नाही, आणि फार दूरच्या पदार्थाचे वजन झपाट्याने घटत जाते. त्यामुळे वर छळणारा त्रिज्येच्या निवडीचा प्रश्न इथे आपोआप सुटतो. म्हणून बादलीतल्या २ सेंमी खळग्याला 'कुणाच्या तुलनेत' या प्रश्नाचे उत्तर आज देता येते: विश्वातल्या पदार्थाच्या सरासरी गतीच्या. पाणी त्या सरासरीच्या तुलनेत फिरले तर खळगा पडतोच का, हे मात्र या उत्तरात येत नाही.

हिग्जचा उल्लेख लोक इथे नेहमी करतात, म्हणून दोन वाक्ये. हिग्ज क्षेत्र इलेक्ट्रॉन आणि क्वार्क (प्रोटॉनच्या आतले कण) यांना वस्तुमान देते. प्रोटॉनच्या वस्तुमानात क्वार्कांच्या या वस्तुमानाचा वाटा सुमारे १ टक्का, बाकी क्वार्क आणि त्यांना बांधणारे ग्लुऑन यांच्या बंधनाची ऊर्जा. पण 'इतकी ऊर्जा आहे' हे कळल्याने 'ती ऊर्जा त्वरणाला विरोध का करते' हे कळत नाही. हिग्जने माखचा प्रश्न सोडवला असे म्हणणारा लेख दिसला तर पुढे वाचायचे कष्ट वाचवा. तसेच, विश्वाच्या या ओढीवर टेकून इंधनाशिवाय रेटा देणारी यंत्रे बनवल्याचे दावे होतात. त्यांच्या तपासणीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सापडते: तरफेच्या तराजूवर बसवलेल्या यंत्राची कंपने आणि तापून फुगणारे भाग तराजूला खोटा रेटा दाखवतात. यंत्राची दिशा उलटी केल्यावर रेटा उलटतो का, आणि तेवढीच वीज साध्या तापणाऱ्या रोधात जिरवली तर काय दिसते, हे दोन प्रश्न विचारायचे.

या चौकट-ओढीचा उपग्रहांनी प्रत्यक्ष मोजलेला तुकडा म्हणजे पृथ्वीचा. एप्रिल २००४ मध्ये सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहात ३८ मिलिमीटर व्यासाचे, निओबियमचा मुलामा दिलेले क्वार्ट्झचे चार गोळे १.८ केल्व्हिन तापमानाला फिरत होते, आणि एक दुर्बीण एका ताऱ्यावर रोखलेली होती. ६४२ किलोमीटर उंचीवर फिरत्या पृथ्वीने चौकट ओढल्यामुळे अक्ष वर्षाला ३९.२ मिलिआर्कसेकंद (एक मिलिआर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६ लाखावा भाग) वळायला हवा होता; हा कोन अर्ध्या किलोमीटरवरच्या केसाच्या जाडीएवढा. मोजले ३७.२, अधिक-उणे ७.२. ठरवले होते १ टक्का अचूकतेचे, मिळाली १९ टक्के, कारण गोळ्यांच्या आणि त्यांच्या घरांच्या पृष्ठभागावर विद्युतप्रभाराचे ठिपके राहिले होते आणि ते गोळ्यांना पीळ देत होते. हे ठिपके वगळून खरा संकेत काढायला वर्षे गेली. निकाल २०११ मध्ये आला. पृथ्वी स्वतः वर्षात जितके मिलिआर्कसेकंद फिरते त्याला ३९ ने भाग दिला, तर पृथ्वीच्या चौकट-ओढीचे प्रमाण सुमारे १२०० कोटींत १ भाग निघते. वर विटेच्या हिशेबात पृथ्वीचा वाटा १४४ कोटींत १ होता. मधला आठपटीचा फरक पृथ्वी पोकळ कवच नसून भरीव गोळा आहे, आणि उपग्रह आत नसून बाहेर, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत आहे, यामुळे पडतो. लेझरने मागोवा घेतलेल्या लॅजिओस उपग्रहांनी २००४ मध्ये हीच ओढ सुमारे १० टक्के अचूकतेने दिली होती. जुलै २०२२ मध्ये सोडलेला लारेस-२ हा निव्वळ आरसे जडवलेला धातूचा गोळा आहे. त्याची कक्षा जुन्या लॅजिओसच्या कक्षेला पूरक कोनात मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली असल्याने होणारी चूक दोघांच्या बेरजेत एकमेकींना छेदते आणि ओढीचा तुकडा तेवढा उरतो.